संमतीपत्राचा तिसरा खर्डा

इंग्रजीतून कन्नडात आलं, कन्नडातून माझ्या टेबलावर.
चार पानं, शिक्का, खाली अंगठ्यासाठी चौकोन.
बेळगावच्या कोर्टात मी सव्वीस वर्षं दुभाषी होते.
जमिनीचे उतारे, फारकती, बांधावरच्या मारामाऱ्या
तिकडून इकडं आणल्या, इकडून तिकडं पोचवल्या.
आता दवाखाना बोलावतो. पानाला चाळीस रुपये.

कन्नडात होतं : वैराणू.
आपण म्हणतो विषाणू.
त्यांच्याकडं वैर, आपल्याकडं विष,
आणि सांगायचं होतं औषधाचं काम.
तिसऱ्या गेटला रिक्षा अडावी तसं पेन अडलं.

समोर सत्यव्वा हुंदरे, राहणार निपाणी,
तंबाखूच्या वखारीत बत्तीस वर्षं चाळणीवर.
डाव्या गालात सुपारीएवढी गाठ होती.
कापली, लाईट दिली,
पुन्हा आली, लिंबाएवढी.
पदराचं टोक नाकातोंडावर धरूनच बोलते.
लाज न्हवं, म्हणते, सवय. धूळ उडायची की.

डॉक्टर हलगली धारवाडच्या, त्यांचं मराठी
भाजीबाजारापुरतं. म्हणून मी मधे.
"अव्वा, ताप उतरल्यावर ओठावर फोड उठतात ना..."
"जर मुतला म्हणतो आमी."
"त्याचाच जंतू."
हे कन्नडात कसं सांगायचं? सांगितलं.
डॉक्टर हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं.

मग त्या सावकाश बोलत गेल्या, मी मागोमाग :
ह्या जंतूच्या पोथीतली दोन वाक्यं खोडलीत.
एक, ज्याच्या जोरावर तो मेंदूकडं सरकतो.
दुसरं, ज्याच्या आडोशानं तो लपतो.
आणि एक नवं लिहिलंय : हाळी.
गाठीत शिरायचं, वाढायचं, फुटायचं,
फुटताना हाळी देऊन अंगातलं सगळं गाव उठवायचं.

"मग चांगल्या मासाला खाईना व्हय त्यो?"

इथं डॉक्टरांनी फार लांब वाक्य धरलं.
मी ते अर्ध्यात सोडून वखारीत शिरले.
चांगली पेशी म्हणजे राखणदार असलेली वखार, सत्यव्वा.
चोराची चाहूल लागली की कडी, शेजारी सांगावा.
गाठीनं वाढायच्या घाईत
राखणदारच कामावरून कमी केलेत.

"आमच्या शेठनं काढलावता की.
त्याच साली आग लागली."
हां. तशी.

"आन काम झाल्यावर मरतो का?"

बहुशः, म्हणाल्या डॉक्टर.
कन्नडातलं बहुशः म्हणजे कदाचित.
आपल्यातलं बहुशः त्याहून पुष्कळ देऊन टाकतं.
कोर्टात अशाच एका शब्दापायी
एकाचं अर्धं एकर गेलेलं मी पाहिलंय.
म्हटलं, कदाचित, सत्यव्वा.
पुरतं कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तर हे कागद.
तिनं पदर खाली घेतला. पहिल्यांदा.
गाल दिसला. मी बघितलं,
आणि बघितलं नाही असं दाखवलं नाही.

तिसऱ्या खर्ड्यात वैराणू खोडला, विषाणूही,
वर लिहिलं : जराचा जंतू, दुरुस्त केलेला.
वरिष्ठांनी लाल शाईनं विचारलंय, ही काय भाषा?
चौकोनात अंगठा नाही.
प्रौढ वर्गात शिकलेलं नाव आहे,
स वर थोडा जास्त रेटा.

सोमवारी उणे सत्तर अंशांतून बाटली काढली.
हातमोजे, सुई, लाल पिशवी.
पट्टीला नातवंडांनी हात लावायचा नाही, हे दोनदा सांगितलं.
ती साडेचारच्या बसनं निपाणीला गेली.

रात्री फोन. दात वाजताना ऐकू येत होते.
"बिर्जेबाई, जर आलाय.
ह्यो तुमचा, का आमचा जुनाच?"

डॉक्टरांचा नंबर शोधताना घड्याळ पाहिलं.
पावणेबारा.